डाव्या पायावर ठोका

परवा रात्री भाच्याने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, तुमचा शाळेचा बँड आठवला." भाचा राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री झाला आणि आता अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात पुढचं शिकतोय. व्हिडिओ तिथल्या फुटबॉलच्या मैदानाचा. (त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळतात तो.) लाखभर माणसं बसलेली. मध्यंतर झालं आणि मैदानाच्या एका टोकाकडून खाकी गणवेशातली तीनशेच्या वर पोरं-पोरी वाद्यं घेऊन चालत आली. रांग एकमेकींतून आरपार जाते, कोपऱ्यावर वळते, परत येते, आणि एकाचाही खांदा दुसऱ्याला लागत नाही. मी तो व्हिडिओ लागोपाठ चारदा बघितला. बायको म्हणाली, "झोपा आता, सकाळी दुकान उघडायचंय."

झोप काही आली नाही. का आली नाही, ते सांगायला ही पोस्ट लिहितोय. लांब होणार आहे. वेळ असेल तरच वाचा.

मी बेलापूरचा. नवी मुंबईचं बेलापूर नव्हे, प्रवरेकाठचं. आमच्या गावाची गंमत अशी की 'बेलापूर' नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावात नाही, श्रीरामपुरात आहे. श्रीरामपूरला उतरणाऱ्याने तिकीट बेलापूरचं काढायचं आणि बेलापूरला येणाऱ्याने श्रीरामपुरात उतरून पुन्हा गाडी शोधायची. नाव एकाचं, गाडी थांबते दुसऱ्याकडे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर तो बँड. फायटिंग टेक्सस ॲगी बँड असं लांबलचक नाव. ॲगी म्हणजे शेतकीवाले. कॉलेज १८७६ साली सुरू झालं तेच शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला होता. सरकार राज्यांना जमिनी देणार, त्यातून कॉलेजं उभी करायची, शेती आणि यंत्रकाम शिकवायचं, आणि सोबत लष्करी कवायतही शिकवायची. आपल्याकडची कृषी विद्यापीठं त्याच नमुन्यावर बेतली, राहुरीचंही. फक्त कवायतीचा भाग आपण सोडून दिला. तिकडे मात्र कित्येक वर्षं प्रत्येक विद्यार्थी कॅडेटच असायचा. आता सक्ती नाही, पण ज्याला बँडमध्ये यायचंय त्याला आजही कॅडेट व्हावंच लागतं. पहाटे उठणं, कवायत, गणवेश, सगळं. आणि संगीत शिकायला आलेलं त्यात कुणी नाही. कुणी इंजिनिअरिंगचा, कुणी जनावरांच्या डॉक्टरकीचा, कुणी शेतीचा. दिवसा प्रॅक्टिकल, दुपारनंतर ट्रम्पेट.

हे सगळं भाच्याला विचारून आणि इकडेतिकडे वाचून कळलं. पण मला अडकवलं ते एका माणसाने. जोसेफ हॉलिक. हा बँड १८९४ साली याने काढला. कोण होता हा? प्राध्यापक? लष्करी अधिकारी? नाही. बूट शिवणारा. पोट भरायला घराबाहेर पडलेला गडी, कॉलेजजवळच्या गावात एका बूटवाल्याच्या दुकानात कामाला लागला. कॅडेटांच्या बुटांची मापं घ्यायला, बूट दुरुस्त करायला कॉलेजात यायचा. याला वाजवता येतं हे तिथल्या लोकांना कळलं आणि त्यांनी त्याच्याकडे बिगुल दिला. पुढे त्यानेच मागणी केली की पोरांचा बँड उभा करू द्या. मूठभर पोरं घेऊन सुरुवात केली. आज त्याचा एवढा पसारा झाला. आणि हॉलिकचं बूट शिवणं काही सुटलं नाही बरं का. त्याच्या घराण्याचं दुकान तिथे वर्षानुवर्षं चाललं. शेवटच्या वर्षाचे कॅडेट गुडघ्यापर्यंतचे तपकिरी बूट घालतात, ते शिवून घ्यायला पोरं त्याच दुकानात जायची. म्हणजे बँडचा संस्थापक आणि बूट शिवणारा हे एकच नाव, आणि दोन्ही कामांचा त्यांना अभिमान.

इथे मी फोन खाली ठेवला. कारण मला मास्तर आठवला.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हे. आमच्या वर्गातला पोरगा. खरं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. घर हलगीवाल्याचं. वडील गावात वाजवायचे. बारसं असो, वरात असो, यात्रा असो नाहीतर मयत असो, हलगी त्यांचीच. जात लिहायची गरज नाही, खेड्यात राहिलेल्याला कळली असेल.

साल १९८४-८५. आम्ही नववीत. शाळेत एनसीसी होती आणि एनसीसीच्या सरांच्या डोक्यात आलं की २६ जानेवारीला आपला बँड पाहिजे. शाळेच्या कपाटात कुण्या जुन्या काळातलं सामान पडलेलं. एक मोठा ढोल, तीन साईड ड्रम, त्यातल्या दोघांची कातडी फाटलेली, दोन बिगुल, एक झांजांची जोडी, चार-पाच बासऱ्या. सर कवायतीत पक्के, पण तालाच्या बाबतीत आनंद. एक-दोन, एक-दोन यापलीकडे त्यांचं काही जाईना. ढोल वाजवणारा पोरगा गोंधळला की अख्खी रांग लंगडायला लागायची.

दुसऱ्या दिवशी मास्तर फाटके ड्रम पोत्यात घालून घरी घेऊन गेला. चार दिवसांनी आणले ते नवं कातडं चढवून. वडिलांनी बसवलं होतं. हलगी शेकतात तसा कडबा पेटवून त्याने ड्रम जरा धगीला धरला, बोटाने टिचकी मारली, आणि आवाज असा निघाला की स्टाफरूममधून दोन बाई बाहेर आल्या. सर म्हणाले, "लेका, तूच मास्तर आजपासून." तेव्हापासून त्याचं नाव मास्तर.

त्याने आम्हाला एकच गोष्ट शिकवली. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडला पाहिजे. बाकी सगळं नंतर. पाय चुकला तरी चालेल, ठोका चुकला नाही पाहिजे, कारण मागचा प्रत्येक जण पायाकडे बघत नसतो, ठोका ऐकत असतो. हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. हलगीच्या मागे नाचणाऱ्यांचे पाय लहानपणापासून बघून त्याला कळलं होतं. पुढे मला समजलं की जगभरच्या लष्करी बँडांचा पहिला नियम हाच आहे. मिनिटाला साधारण १२० पावलं आणि डाव्याला ठोका.

त्या हिवाळ्यात नगरला आमचा कॅम्प होता. आमचं नगर म्हणजे लष्कराचंच गाव. रणगाडेवाल्यांचं मोठं केंद्र तिथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र १९७९ पासून तिथे, किल्लाही लष्कराच्याच ताब्यात. एका सकाळी मैदानापलीकडे लष्कराचा बँड सराव करत होता. आम्ही नाश्त्याच्या रांगेत. मास्तर रांगेतून गायब. शोधायला गेलो तर हा कुंपणाच्या तारेला धरून उभा, डोळे मिटलेले, आणि मांडीवर बोटं चाललेली. सराव संपल्यावर बँडमधले एक हवालदार आले. विचारलं, "बजाते हो क्या?" हा नुसताच हसला. त्यांनी आपला ड्रम त्याच्यापुढे धरला. याने हलगीची एक चाल साईड ड्रमवर वाजवून दाखवली. हवालदारांनी दोन्ही काठ्या त्याच्याच हातात राहू दिल्या आणि म्हणाले, "रख लो." त्या काठ्या त्याच्याकडे आजही आहेत. मागच्या आठवड्यात बघितल्या मी.

२६ जानेवारी १९८५ ला श्रीरामपुरात तालुक्याच्या संचलनात आमचा बँड गेला. चौदा पोरं. पहिला नंबर आला. मास्तर पुढे, छातीवर साईड ड्रम, पांढरे हातमोजे. (हातमोजे म्हणजे पांढरे मोजे हातात घातले होते, दुरून कळत नाही.) टोपीवरचा लाल तुरा हलतोय. ध्वजाला सलामी देताना मामलेदार, फौजदार, सभापती सगळे उभे, हात कपाळाला. सलामी झेंड्याला असते, आपल्याला नसते, हे कळण्याइतके आम्ही मोठे होतो. तरी मास्तरचे वडील गर्दीच्या मागे सायकल धरून उभे होते आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, हे मी पाहिलं.

आता या बँड प्रकरणाची जरा कूळकथा सांगतो. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

युरोपातल्या फौजांना मोठा ढोल आणि झांजा मिळाल्या त्या तुर्कांकडून. तुर्की फौजेपुढे मेहतर नावाचं वाजंत्र्यांचं पथक चालायचं. अठराव्या शतकात युरोपातल्या राजेलोकांना त्याचं एवढं वेड लागलं की त्यांनी तसली वाद्यं आपल्या पलटणींत घेतली. नौबत आणि नगारे आपल्याकडेही होतेच. मग इंग्रज आले ते पितळी वाद्यं घेऊन. संस्थानिकांनी त्यांचं बघून आपापले बँड उभे केले. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी साथीत अनाथ झालेली पोरं गोळा करून त्यांचा बँड बसवला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांपासून नलतरंग नावाचं वाद्य केलं. बंदुकीचा याहून चांगला उपयोग मी तरी ऐकलेला नाही. पलटणीतून बाहेर पडलेले वाजवणारे पोटासाठी लग्नाच्या वरातीत वाजवायला लागले, मेरठच्या जली कोठी भागात वाद्यं बनवायचे कारखाने निघाले, आणि पलटणीचा बँड गावोगावच्या लग्नात आला. लग्नातल्या बँडवाल्याचा अंगरखा एकदा नीट बघा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर आडव्या दोऱ्या, टोपी. तो थेट पलटणीचा गणवेश आहे, जरा उसवलेला. वाद्यं तीच, कोट तोच, बऱ्याचदा चालीही त्याच.

आणि लष्करातला बँडवाला नुसता शोभेचा नसतो हेही सांगितलं पाहिजे. लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जातात आणि ही माणसं स्ट्रेचर उचलतात. जखमींना गोळीबारातून मागे आणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी केलंय. 'कदम कदम बढाए जा'ची चाल बांधणारे आझाद हिंद फौजेचे कॅप्टन राम सिंह ठाकुरी हेसुद्धा मूळचे गोरखा पलटणीतले बँडवालेच.

आता आमच्या भागाचं एक सांगतो, कारण ते फार लोकांना माहीत नसतं. बेलापूर स्टेशनहून मनमाडकडे निघालं की पहिलं चितळी, मग पुणतांबा. त्या पुणतांब्याला १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर नावाचा मुलगा जन्माला आला. तोच पुढे सी. रामचंद्र. 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चाल त्यांची. दिल्लीत २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी ते पहिल्यांदा गायलं, नेहरूंसमोर. दिल्लीत दरवर्षी २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तिथे सगळ्या दलांचे बँड एकत्र वाजवतात. तिथे वर्षानुवर्षं 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थना वाजायची. २०२२ साली ती काढली आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. यावर तेव्हा फेसबुकवर किती भांडणं झाली ते आठवत असेल. मी त्यात पडलो नाही. ती प्रार्थना गांधीजींच्या आवडीची होती, ती जायला नको होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण आपल्या लाईनवरच्या, दोन स्टेशनं पलीकडच्या माणसाची चाल पितळी वाद्यांवर विजय चौकात ऐकली तेव्हा घशाशी आवंढा आला, हेही खरं. माणसाला दोन्ही वाटू शकतं.

असो. मास्तरकडे येतो.

दहावीनंतर त्याने शाळा सोडली. भरतीला गेला. लष्करात वाजवणाऱ्यांची वेगळी भरती असते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, सांगणारंही कुणी नव्हतं. तो साध्या रांगेत उभा राहिला, धावण्यात पहिल्या दहात आला आणि छातीच्या मापात गेला. पुन्हा गेला नाही. तालुक्यातल्या एका ब्रास बँडमध्ये लागला. ड्रमवरून कॉर्नेटवर गेला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत, गणपतीत, लग्नसराईत वाजवायचा. चांगलं वाजवायचा. नुसतं चांगलं नाही, फार चांगलं.

१९८९ च्या मे महिन्यातलं लग्न. कुणाचं ते सोडा. मी कॉलेजात, नवीन शर्ट घालून मित्रांबरोबर पंगतीत बसलेलो. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात, मठ्ठा. समोर मांडवाच्या कडेला बँड उभा. लाल कोट घालून मास्तर. मे महिन्याचं ऊन, कोट लोकरीसारखा जाड, घाम कॉलरमधून खाली चाललेला. सकाळी आठपासून वाजवत होते. दोन वाजले होते. बँडच्या म्हाताऱ्या मालकाने वाढणाऱ्याला काहीतरी विचारलं आणि वाढणारा मोठ्याने म्हणाला, "बँडवाल्यांचं मागनं बघू."

आमच्या पंगतीतले आम्ही चौघं त्या १९८५ च्या बँडमधले होतो. एक ढोलवाला, एक बिगुलवाला, दोन बासरीवाले. चौघांनी ऐकलं. मास्तरने आमच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं, आम्हाला अवघडायला नको म्हणून. मी मान खाली घातली आणि बुंदी खाल्ली. कुणीच उठलं नाही. बँडवाले चारच्या पुढे टेम्पोच्या सावलीत बसून जेवले, हे मी जाताना पाहिलं. तेव्हाही गेलो नाही.

वाद्य तेच, माणूस तोच. चार वर्षांपूर्वी त्याच्या ठोक्यावर मामलेदार उभा राहिला होता. फरक कोटाचा आणि हे कुणाच्या दारात वाजतंय त्याचा. आता लक्षात आलं असेल मी स्टेशनचं का सांगितलं.

टेक्ससमध्ये सगळं सोन्याचं होतं असं समजू नका. त्या कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांना १९६३ पर्यंत दार बंद होतं. मुली कॅडेट म्हणून १९७४ ला आल्या, पण बँडमध्ये घ्यायला तयार नव्हते. मेलानी झेंटग्राफ नावाची एक कॅडेट मुलगी त्यासाठी कोर्टात गेली. तडजोड झाली आणि १९८५ साली पहिल्यांदा मुली त्या बँडमध्ये चालल्या. पहिल्या मुलींना त्रासही बराच झाला. म्हणजे आमची चौदा पोरं श्रीरामपुरात मिरवत होती त्याच वर्षी. आमच्या बँडमध्ये एकही मुलगी नव्हती आणि ते आम्हाला खटकलंही नव्हतं. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत मुली यायलाही सुप्रीम कोर्टालाच २०२१ साली सांगावं लागलं. २०२२ ला त्या आत गेल्या, आणि ३० मे २०२५ ला पहिल्या सतरा जणी पासिंग आउट परेडमध्ये चालत बाहेर आल्या. ती परेड मी टीव्हीवर पूर्ण बघितली. एनडीएत परेडला वाजवणारा बँड कॅडेटांचा नसतो, लष्कराच्या पथकांचा असतो. शेवटी धीम्या चालीत पाऊल टाकत कॅडेट बाहेर पडतात ते 'ऑल्ड लँग साइन' या जुन्या स्कॉटिश चालीवर. पण त्या बँडमधल्या माणसाचं नाव कधी टीव्हीवर सांगत नाहीत. टेक्ससच्या बँडची गोष्ट मला म्हणूनच वेगळी वाटते. तिथे चालणारा आणि वाजवणारा एकच आहे.

त्या बँडचं आणखी एक सांगतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्या कॉलेजात शेकोटीसाठी रचलेला लाकडांचा प्रचंड ढीग कोसळला. बारा जणांचा जीव गेला. आठवडाभराने त्यांच्या पिढीजात वैऱ्याशी, टेक्सस विद्यापीठाशी सामना होता. मध्यंतरात त्या विद्यापीठाच्या बँडने श्रद्धांजली वाजवली आणि टोप्या काढल्या. मग ॲगी बँड आला, वाजवलं, आणि शेवटी एकही सूर न काढता चालत बाहेर गेला. एवढ्या मोठ्या मैदानावर नुसता बुटांचा आवाज. भाच्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, इथे अजून सांगतात लोक त्या दिवसाचं." वाजवणाऱ्याने कुठे थांबायचं हे मास्तरचे वडीलही जाणत होते. मयताला स्मशानाच्या वळणावर त्यांची हलगी बंद व्हायची, कुणी सांगायला लागायचं नाही.

आता ताजी गोष्ट. डीजे आले आणि ब्रास बँड बसले. भिंती हादरवणारा टेम्पो एका माणसाच्या बोटावर चालतो, पंधरा वाजवणाऱ्यांना कोण पैसे देणार? मास्तरच्या बँडमालकाने वाद्यं विकली. मास्तर गेली दहा-बारा वर्षं भाजीची गाडी लावतो. रोज माझ्या दुकानावरून जातो. "काय मास्तर?" "बरंय भाऊ." एवढंच बोलणं.

गेल्या महिन्यात एका शाळेत माजी विद्यार्थी आणि पालकांची बैठक होती. शाळेचं नाव घेत नाही. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालय मिळून देशपातळीवर शालेय बँड स्पर्धा घेतात, प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने. ब्रास बँड आणि पाईप बँड, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मी म्हणालो, आपल्या शाळेचा बँड का नसावा? वर्गणी काढू, मी माझे पहिले देतो. एक गृहस्थ म्हणाले, "कल्पना छान आहे. पण शिकवणार कोण?" मी मास्तरचं नाव घेतलं. थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागून आवाज आला, "तो लग्नातला बँडवाला? पोरं शाळेत शिकायला पाठवलीत का वरातीत वाजवायला?" हसले लोक. सगळे नाही, पण हसले.

या खेपेला मी मान खाली घातली नाही, एवढं स्वतःबद्दल सांगतो. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज चढला माझा, चढायला नको होता, त्यामुळे बैठक तशीच उठली. मुख्याध्यापिका बाई मात्र चांगल्या निघाल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "काका, ठरावाचं नंतर बघू. रविवारी सकाळी मैदान मोकळंच असतं."

मग व्हिडिओ आला, रात्र तशीच गेली, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मास्तरच्या घरी गेलो. छत्तीस-सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरात बसलो. एका गावात राहून. चहा आला. मी त्याला हॉलिकची गोष्ट सांगितली, व्हिडिओ दाखवला. त्याने फोन हातात घेऊन डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "चौथ्या रांगेतला कडेचा पोरगा पाय उशिरा टाकतोय." मी पुन्हा बघितलं. खरंच टाकत होता.

मग मी धीर करून त्या लग्नाचं काढलं. म्हणालो, मास्तर, तेव्हा उठायला पाहिजे होतं मी. तो थोडा वेळ आठवत राहिला. म्हणाला, "कुठलं रं लगीन?" मी सांगितलं, मे महिना, बुंदी, लाल कोट. म्हणाला, "न्हाय बा ध्यानात. असली लई झाली."

मी ते एक लग्न इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो. त्याच्यासाठी तो रोजचा दिवस होता.

शाळेचं विचारलं तर तो लगेच हो म्हणाला नाही. दोन गोष्टी विचारल्या. पोरी घेणार का? कारण त्याची नात पाचवीत आहे आणि दिवसभर ताटं बडवत असते. आणि जेवणाची वेळ झाली की पोरांबरोबर शिकवणाऱ्यालाही बसवणार का? हे दुसरं तो हसत बोलला. मी हसलो नाही.

काल रविवार होता. सकाळी सातला नऊ पोरं आली, त्यात चार मुली. वाद्य एकही नाही. कपाटातलं आमच्या वेळचं सामान कधीच भंगारात गेलंय. मास्तर त्या हवालदारांच्या काठ्या घेऊन आला होता. एक बाक बाहेर ओढला आणि त्यावर ठोका धरला. पोरांना म्हणाला, "आधी पाय. वाद्य मागनं." पहिला अर्धा तास सगळी लंगडत होती. त्याची नात दर वेळी उजवा पाय आधी टाकायची आणि तो दर वेळी ठोका थांबवायचा. रागावला नाही. आठव्या का नवव्या खेपेला तिचा डावा पाय पडला आणि ठोकाही पडला. मग मैदानाची एक फेरी सलग झाली. मी आणि बाई पायरीवर बसून चहा पीत होतो. चहा मास्तरलाही दिला, पोरांनाही दिला, सगळ्यांना एकदमच.

पुढच्या रविवारी पुन्हा आहे. एक मोठा ढोल आणि दोन साईड ड्रम विकत घेण्याइतके पैसे माझे आणि त्या १९८५ च्या बँडमधल्या दोघांचे मिळून जमलेत. बिगुल, झांजा, बासऱ्या अजून नाहीत. बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव या भागात कुणाच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीत किंवा बंद पडलेल्या बँडच्या खोलीत जुनी वाद्यं पडली असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. मी येऊन घेऊन जाईन, योग्य किंमतही देईन. फाटका ड्रम असेल तरी चालेल, कातडं मास्तर बसवतो.